उंबऱ्याबाहेर

पाहुण्यांच्या यादीत आडनाव परकं होतं, पण तेल लावून घ्यायला पाटावर येऊन बसली ती माझी लेक.

समुद्रकाठच्या या निसर्गोपचार केंद्रात तेल गावच्या नारळांचं आणि हातही गावच्याच बायकांचे, असा नियम आहे. रामनाम घेत मी रोज परक्या मुलींची डोकी चोळते. लेकीच्या केसांना मात्र चार वर्षांत हात लागला नव्हता. तिने परजातीत लग्न केलं, तेव्हा यांनी देवाची शपथ घातली, की तिने आमचा उंबरा ओलांडायचा नाही आणि मी तिचा. मी ती पाळत आले.

"हा उंबरा बाबांचा नाही," ती म्हणाली. "आणि मी नंबर लावून आलेय. नाही म्हणायची सोय नाही तुला."

मी तिच्या टाळूवर तेल थापलं. रामनाम कुठे सुटलं, कळलंच नाही.

संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते. केंद्रावर नारळ पोचवून आलेले हे पडवीत बसले होते. मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं,

"तिचे केस अजून तेवढेच दाट आहेत का गं?"