तीन वर्षांपूर्वीची प्रत

दहा वाजून गेले तरी रोजनिशी उघडत नव्हती.

बायको चष्मा लावून टेबलापाशी बसली होती. एरवी चहा संपता संपता ती टॅबवर रोजनिशी वाचून मोकळी होई. हे घर आपलं आणि समोरचा टकला माणूस आपला नवरा, एवढं तिला त्यातून कळे. तासाभरात ते तिच्या डोक्यातून पुसलं जाई. मग ती पुन्हा टॅब उघडे.

"तुम्ही कोण म्हणालात?" तिनं विचारलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"तुझा नवरा."

"असाल. लिहिलेलं दिसलं असतं म्हणजे खात्री झाली असती."

त्यानं भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवलं. तिनं पाहिलं, सभ्यपणे मान हलवली आणि पर्स मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसली.

तीन वर्षांपूर्वी मेंदूत ताप शिरला आणि तिची आठवण घेऊन गेला. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, या पूर्वीपासून रोजनिशी लिहितात ना, मग तीच रोज वाचू द्या. त्यानं ते मनावर घेतलं. हा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका काढण्यात हयात गेलेली. दुपारी ती झोपली की तो रोजनिशी नजरेखालून घाली. तिला गोंधळात पाडेल असं त्यात काही राहू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघे. बायकोचं इतकं करणारा पुरुष विरळा, असं शेजारी म्हणत. ते त्याच्या कानावर येई आणि त्याला आवडेही, खोटं कशाला बोला.

अकरा वाजता त्यानं दाराला बाहेरून कडी घातली आणि कोपऱ्यावरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकान चालवणारी बाई तिशीची, तोंडानं फटकळ, मनानं चांगली. तिच्यासमोर आधीच चार माणसं तोंड पाडून उभी होती.

"काका, तुमचंही गेलं?" ती म्हणाली. "सकाळपासून सगळ्यांचं हेच. त्या कंपनीची यंत्रंच बसलीत."

"पण तूच म्हणाली होतीस ना, घरात ठेवू नका, क्लाउडवर ठेवा. तिथं काही होत नाही म्हणून."

"म्हणाले होते. कानाला खडा. क्लाउड म्हणजे काय हो, कुठल्या तरी गावातला कुणाचा तरी कॉम्प्युटर. तोही बिघडतोच की."

"मग आता?"

"त्यांच्याकडे जुन्या प्रती असतात. कळवते त्यांना. तुम्ही काय लिहिलंत, काय खोडलंत, सगळं ठेवतात ते."

त्यानं हातातली छत्री खुर्चीला अडकवली.

"खोडलेलंसुद्धा?"

"सुद्धा. काही टाकून देणं त्यांच्या जिवावर येतं."

"आणि ते कोण वाचतं?"

"कुणास ठाऊक. आपण कुठं विचारतो?" तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी नाही हं वाचत, काका."

"तसं नाही. घरातल्या गोष्टी असतात. चारचौघांनी बघाव्यात अशा नसतात."

"बसा तुम्ही. घाम आलाय तुम्हाला."

तो बसला. तिनं रोजनिशीच्या खात्याचा पासवर्ड विचारला, त्यानं सांगितला. समोरची माणसं एकेक करून हात हलवत परत गेली. कुणाचे दुकानाचे कागद गेले होते, कुणाच्या मेलेल्या आईचे फोटो. त्याचा जीव टांगणीला लागला होता. आज संध्याकाळी ती पुन्हा विचारील, उद्या सकाळी पुन्हा, आणि दाखवायला हातात काही नसेल. तीन वर्षं त्यानं जे अक्षर अक्षर जपलं होतं, ते एका सकाळीत हवेत विरलं होतं. त्याला रडू येत होतं आणि चारचौघांत ते येऊ नये म्हणून तो छताकडे बघत होता.

साडेबाराला बाईनं टेबलावर हात मारला.

"आली! काका, मावशींचं नशीब बघा. एकच प्रत सापडली, आणि एक अक्षर हललेलं नाही."

"कालची?"

"कालची कुठली. अलीकडचं सगळं गेलं. ही तीन वर्षांपूर्वीची आहे. बघा, आजारपणाच्या आदल्या आठवड्यातली. पण मावशींचं स्वतःचं, मूळचं लिखाण तर वाचलं."

"ती नको," तो म्हणाला.

"अहो, नको काय? दहा मिनिटं थांबले असते तर तीही गेली असती. मी लगेच हो म्हणून टाकलं. मावशींच्या टॅबवर पोचलीही असेल."

तो उठला. आभार मानायचे राहिले. छत्रीही खुर्चीला तशीच अडकलेली राहिली. या वयात तो रस्त्यानं पळत गेला, आणि बाई मागून कौतुकानं बघत राहिली.

कडी काढून तो आत शिरला. ती खिडकीपाशी टॅब घेऊन बसली होती. चेहऱ्यावर इतक्या दिवसांत न दिसलेली हुशारी होती.

"तुम्ही कोण ते मला आठवत नाही," ती म्हणाली, "पण भले माणूस दिसता. हे माझंच लिहिलेलं आहे. ऐका. 'आज त्याचं घर सोडून चार वर्षं झाली. इथली खोली लहान आहे, पण मी आतून कडी लावते आणि शांत झोपते.'"

तिनं टॅब त्याच्यापुढे धरला.

"पत्ता आहे बघा खाली. मला तिथं सोडाल का? फक्त माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका."