सातवी पिढी

लढाई संपली आणि नाथाजी पलटणीतून कुंडलला परतला, तेव्हा त्याला वडिलोपार्जित घरात आपला अर्धा वाटा हवा होता. थोरला भाऊ आकाराम म्हणाला, "हेळवी येऊ दे. घराण्याचं त्याच्या तोंडनं ऐकू, मग पंच बसवू." नाथाजी खूश झाला. बैलावर बसून येणारा हेळवी दर दोन-तीन वर्षांनी घरोघरची वंशावळ म्हणायचा, आणि त्याच्या तोंडी जो वारस तोच खरा, हे गावात तलाठ्यालाही कबूल होतं.

हेळवी आला, सुपारी कातरली आणि सुरू झाला. मूळपुरुष रहिमतपुराहून आला, त्याच्या नातवानं हे घर बांधलं, असं करत सातव्या पिढीपर्यंत पोचला. "लेक दोन. थोरला आकाराम, त्याला पोरं तीन. धाकटा नाथाजी, लढाईत खपला, वंश न्हाई."

"आवं, मी तुमच्या म्होरं बसलोय की."

"दिसतंय मला," हेळवी म्हणाला. "पर मागल्या खेपंला ह्या घरातनं जे सांगितलं, त्येच मी म्हणणार."

नाथाजीनं उठून थोरल्याची मानगूट धरली. "दादा, दर म्हैन्याला माजं पत्र येत हुतं घरात."

आकारामनं आईकडं बघितलं.

"सोड त्याला. मी सांगितलं त्ये," उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली आई म्हणाली. "तू जिता हाईस ठावं हुतं मला. पर मधी भिंत घालायला घर लय ल्हान हाय."