अश्रूचा एक थेंब

"काका, एकच थेंब हवाय," तंत्रज्ञ नजमा म्हणाली आणि तिने चिरलेला कांदा रंगनाथ आहिररावांच्या डोळ्यांजवळ धरला. आरोग्य केंद्रातल्या कोणत्याही रुग्णाला तो दोन मिनिटांत रडवीत असे. रंगनाथांचे डोळे मात्र कोरडेच राहिले.

"अगं, लासलगावच्या बाजारात तीस वर्षं कांद्याची आडत केलीय त्यांनी," त्यांच्या पत्नी कुसुमबाई म्हणाल्या. "कांदा यांना काय करणार?"

मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर रंगनाथ प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत होते. आता त्यांच्या मेंदूत गाठ दिसली होती. ती कर्करोगाची होती की परजीवीची, हे कळत नव्हते. अश्रूच्या चाचणीपट्टीवर परजीवीचे जनुक सापडल्याची रेघ उमटली नाही, तर गाठीचा तुकडा तपासायला उद्या सकाळी नाशिकला त्यांची कवटी उघडावी लागणार होती.

"काका, काहीतरी दुःखाचं आठवा."

"आठवतोय. आमचं लग्न," रंगनाथ गंभीरपणे म्हणाले.

"डोकं फोडायची वेळ आली, तरी यांची जीभ काही सुधारत नाही!"

तिघेही हसत सुटले. हसता हसता रंगनाथांच्या डोळ्यांत पाणी आले आणि नजमाने चपळाईने पट्टी टेकवली.

नऊ मिनिटे तिघेही पट्टीकडे पाहत राहिले. मग पट्टीवर जांभळी रेघ उमटली.

"परजीवीच आहे, काकू. गोळ्यांनी जाईल."

 कुसुमबाईंनी लगेच नाशिकला फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, उद्याची खाट दुसऱ्या कुणाला द्या. यांच्या मेंदूत जंतू निघाले," मुलगा पहिला आल्याची बातमी सांगावी, तशा सुरात त्या म्हणाल्या.