वाडग्यातला नवरा

राजपुत्र अलगद सुटून हातात आला, तसा वैजयंतीनं कपाळाला हात लावला.

इराणी वाडगा सातआठशे वर्षांपूर्वीचा. आत रंगवलेली चंद्रासारख्या तोंडाची राजकन्या आणि तिच्यासमोर निळ्या अंगरख्यातला राजपुत्र. संग्रहालयाच्या कार्यशाळेत सांध्यांतला जुना डिंक काढताना आज कळलं, की राजपुत्राचा तुकडा मुळात दुसऱ्याच वाडग्याचा आहे. राजकन्येचा काठ नाजूक, त्याचा चांगला जाडजूड.

“कुणीतरी व्यापाऱ्यानं विकायच्या घाईत दिलं चिकटवून,” ती चिडून म्हणाली. “आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगतेय, बघा, कसे एकमेकांत रमलेत!”

तिला घरी न्यायला आलेल्या नवऱ्यानं चष्मा सावरत वाकून पाहिलं. “हे तुझ्या मावशीचंच काम दिसतंय. आपल्यालाही तिनं एका दुपारीत असंच जोडून टाकलं. जाडी कुठं मोजली होती?”

“मोजायला हवी होती,” त्याच्या पोटाकडे बघत ती म्हणाली. “पण या दोघांना आता वेगळं ठेवावं लागणार. नियमच आहे तसा.”

“एवढ्या संसारानंतर?”

तिनं राजकन्येचा वाडगा एका ट्रेमध्ये ठेवला, राजपुत्राला दुसऱ्यात. पर्स उचलून ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

“काय राहिलं गं?”

“काही नाही हो.” तिनं राजपुत्राचा ट्रे हळूच फिरवला आणि त्याचं तोंड राजकन्येकडे केलं.

दारातून नवरा हसला. “अगदी मावशीवर गेलीस!”