देवघरातील सायकलघंटी

मृताची प्रिय वस्तू जिवंताच्या हाती द्यावी की नाही, हे शास्त्र सांगत नाही. ते आईलाच ठरवावे लागते.

आमच्या खमरिया वस्तीमागच्या टेकड्यांतील सायकलवाटेवर माझा नातू शार्दूल कोसळून गेला. वर्षश्राद्ध झाल्यावर त्याची बहीण शर्वरी त्याचीच सायकल घेऊन प्रथमच तिकडे निघाली.

“काहून जाऊन राहिली गं तिथं?” सूनबाईंनी सायकलचे हँडल धरून ठेवले.

“आई, दादाचा रस्ता एकदा पाहू दे ना. नाराज नको होऊ.”

सूनबाईंनी सायकल दिली. घंटी मात्र त्यांनी वर्षापूर्वीच काढून देवघरात ठेवली होती. पूजेला तीच वाजे.

शर्वरी सुखरूप परतली आणि थेट माझ्याकडे आली.

“आबा, प्रत्येक वळणाआधी पुढून घंटी वाजायची. दादा वाजवायचा तशीच, दोनदा. शेवटच्या वळणावर ती ऐकून थांबले. पुढचा रस्ताच खचलेला होता.”

मी देवघरात गेलो. घंटीवर टेकडीचा लाल मुरूम होता, अजून ओला. मी हात पुढे करण्याआधीच ती दोनदा वाजली.

मागे शर्वरी आईच्या कुशीत होती; ही घंटी तिच्यासाठी नव्हती.

शार्दूल बाळा, आता त्या वळणावर जो कोणी असेल, त्याची वाट निर्विघ्न होवो, आणि तुझीही.