सातवा आरसा

आईच्या तिथीसाठी कुंभकोणमला माहेरी आलेली लक्ष्मीप्रिया केळीची पानं मांडायची सोडून लॅपटॉपसमोर बसली होती. ती ज्या खाणीच्या उतारांवर नजर ठेवायची, तिथल्या भूजलाची पातळी सकाळपासून चढत होती, आणि आता उतारावरच्या आरशांपैकी सातवा गप्प झाला. लेझरचा किरण परतवून, उतार सरकला की हे आरसेच सांगायचे. त्या उताराच्या पायथ्याशी तिचा नवरा यंत्र चालवत होता. तिनं खाणीच्या नियंत्रण कक्षात मणीला फोन लावला. "आरशावर बगळा बसला असेल, अक्का!" मणी हसला. "तुम्हीच शिकवलंत ना?" एखादा आरसा गप्प झाला की करायची ही थट्टा मूळची तिचीच. तेवढ्यात आठवा गेला, नववा गेला. "बगळे असे ओळीनं बसतात का रे? भोंगा वाजव! आमचे हे खाली आहेत!" "साहेबांना विचारून मग..." "मणी, तुझ्या पाया पडते, खिडकीतून तरी बघ!" पावलं वाजली, खिडकी उघडली. तो परत फोनवर आला. "अक्का, बगळा नाही... उतारच नाही."