समासातलं अक्षर

आमच्या सूनबाईंचं काही खरं नाही. वकिलीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि सोनिका अभ्यास सोडून संविधानाचं पुस्तक खोडरबरानं घासत बसली आहे. सतरंजीभर नुसता भुगा! आमच्या दौलतगंज मोहल्ल्यातल्या हिंदी शेजारणी मला हसतात, "बहू पढ़ती है कि बर्तन माँजती है?"

मी ओरडले तर मान खाली घालून म्हणाली, "आई, परीक्षेत पुस्तक जवळ ठेवू देतात, पण त्यात हातानं लिहिलेलं काही दिसलं की काढून घेतात."

पुस्तक माझ्या लेकाचं, समरजीतचं. तोही हीच परीक्षा देणार होता, म्हणून पानोपानी पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलं होतं त्यानं. वैशाखात तो गेला. आता निम्म्या पुस्तकातून त्याचं अक्षरही गेलं होतं.

"त्याची एकेक ओळ आधी पाठ करते, मगच खोडते," सोनिका रडायलाच लागली. "सगळं डोक्यात आहे माझ्या, आई."

मी पुस्तक ओढून पदराखाली घेतलं.

 

"नवं आण जा बाजारातून. तुझं भागतं गं पाठ करून. मला वाचता येत नाही, मला ते बघावंच लागतं."